ओटीपोटातील फुगलेल्या शिरांवर उपचार : पुण्यातील एका केंद्राचा अनुभव

ओटीपोटातील शिरांत रक्त तुंबण्याच्या आजारासाठी (पेल्विक कंजेशन सिंड्रोम) पुण्यातील एका खासगी व्हॅस्क्युलर आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी केंद्रात, म्हणजे पडद्यावर पाहत बारीक नळीने रक्तवाहिन्यांवर उपचार करतात तेथे, मी गेल्या वर्षी जूनमध्ये तपासणीसाठी, ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष उपचारासाठी आणि नोव्हेंबरमध्ये फेरतपासणीसाठी गेले होते. त्या तिन्ही भेटींवर आधारलेले हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव येथे लिहीत नाही, कारण बिलाबाबतचा माझा एक तक्रार अर्ज त्यांच्याकडे अद्याप पडून आहे आणि तो निकालात निघेपर्यंत नावानिशी काही लिहिणे मला योग्य वाटत नाही. शिवाय असे केंद्र कशावरून पारखावे, हे पुण्याप्रमाणेच नाशिकला किंवा नागपूरलाही सारखेच लागू पडेल.

मी कराडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वय ४१, दोन मुले. बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या दिवसांत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन तुकड्या असतात आणि त्या वेळात खुर्चीला पाठ टेकणे फारसे जमत नाही. धाकट्याच्या जन्मानंतर वर्षभरातच मला दुपारी तीनच्या सुमारास ओटीपोटात, विशेषतः डाव्या बाजूला, जड वाटू लागले. ही पाळीतली कळ नव्हती आणि पोट बिघडल्यासारखेही नव्हते. आत कोणी ओले पोते टांगून ठेवावे तसा ओढा कमरेपासून जांघेपर्यंत जाणवत असे. संध्याकाळी तो वाढे, पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणखी वाढे, आणि शरीरसंबंधानंतर तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणका राही. आडवे झाले की अर्ध्या तासात उतरत असे, त्यामुळे घरात ‘हिला पडून राहायला निमित्त हवे असते’ अशी कुजबुजही झाली. दुसऱ्या गरोदरपणात योनीच्या बाहेरच्या अंगावर निळसर शिरा फुगल्या होत्या. बाळंतपणानंतर त्या ओसरल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत आणि पुढे मांडीच्या मागच्या बाजूलाही तशाच शिरा दिसू लागल्या. बाहेरच्या अंगावरच्या शिरांची गोष्ट मी सहा वर्षे कोणत्याही डॉक्टरांना सांगितली नाही, कारण कोणी विचारलीच नाही आणि आपणहून सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

या सहा वर्षांत मी तीन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. सोनोग्राफी चार वेळा झाली आणि चारही वेळा अहवालाच्या शेवटी ‘नॉर्मल’ असाच निष्कर्ष आला. एका ठिकाणी दुर्बिणीतून तपासणी करून झाली, त्यातही काही सापडले नाही. शेवटच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला : ‘‘मुले झालीत ना? मग पिशवी काढून टाकू, कटकट संपेल.’’ आपल्याकडे हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि त्या वेळी पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी आधीच काढलेली आढळली होती. त्यांची कारणे वेगळी होती आणि त्यांची परिस्थिती माझ्यापेक्षा फार बिकट होती, तरी ‘ओटीपोट दुखते, तर पिशवी काढा’ हा जो सरळ रस्ता आपल्या दवाखान्यांत रुळला आहे, त्याच्या तोंडाशी मीही उभी होते. मधल्या काळात मांडीवरच्या शिरांसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात लेसर उपचारही घेतला. दीड वर्षात शिरा पुन्हा त्याच जागी हजर झाल्या. त्या मुळात वरून, ओटीपोटातून भरत आहेत का, हे तेथे कोणी पाहिलेच नव्हते.

पुण्याच्या केंद्राला मी पहिले गुण देईन ते त्यांच्या प्रश्नांसाठी. प्रतीक्षाकक्ष अगदी साधा : प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नसल्याचा तोच सरकारी मजकुराचा फलक, आणि टोकन पुकारणारा मुलगा. वेळ अकराची दिली होती, आत बोलावणे पाऊण वाजता आले. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘मॅडम, दुखणे सकाळी उठल्या उठल्या असते, की दिवस चढेल तसे वाढते? आडवे झाल्यावर किती वेळात कमी होते? गरोदरपणात खाली शिरा आल्या होत्या का?’’ तिसऱ्या प्रश्नावर मी क्षणभर गप्प झाले. त्यांच्या सहकारी डॉक्टर बाईंनी मला पडद्याआड नेले, उभे करूनच मांडीचा मागचा भाग आणि बाहेरचे अंग तपासले आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे आडवे झोपवून बघितले असते तर आम्हालाही दिसले नसते.’’

या आजाराची चाचणी कुठे चुकते, ते या एका वाक्यात आले. शिरांतले रक्त हृदयाकडे वर चढायचे असते आणि ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. गरोदरपणात अंडाशयाच्या शिरांतून एरवीपेक्षा कितीतरी पट जास्त रक्त वाहते, संप्रेरकांमुळे त्यांच्या भिंती सैलावतात, शिरा ताणल्या जातात आणि काही जणींच्या झडपा नंतर पुन्हा नीट मिटत नाहीत. मग उभे असताना रक्त उलटे खाली येते आणि गर्भाशयाभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात तुंबून राहते. माणूस आडवा झाला की गुरुत्वाकर्षणाचा जोर संपतो, शिरा रिकाम्या होतात आणि तपासणारा ‘काही नाही’ असे लिहून मोकळा होतो. दुर्बिणीच्या तपासणीत तर रुग्णाचे डोके खालच्या बाजूला केलेले असते आणि पोटात वायू भरलेला असतो, त्यामुळे उरलेसुरले फुगलेपणही दबते. माझी डॉप्लर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखवणारी, सोनोग्राफी त्यांनी दुपारी चारनंतर ठेवली, टेबल डोक्याकडून उंच केले आणि श्वास रोखून शौचाला बसल्यासारखा जोर लावायला सांगितला. पडद्यावर निळा रंग होता तेथे लाल झाला आणि तो काही सेकंद तसाच राहिला, म्हणजे रक्त तेवढा वेळ उलटे वाहत होते. डाव्या अंडाशयाच्या शिरेची रुंदी ९ मिलिमीटर भरली. साधारणपणे ६ मिलिमीटरच्या पुढे संशय घेतात, पण नुसत्या मापावर जायचे नसते, उलटा प्रवाह आणि रुग्णाचा त्रास या दोन्हींशी ते जुळावे लागते, असे डॉक्टरांनी बजावले.

त्यानंतर त्यांनी माझ्या जुन्या अहवालांची चळत उलटली आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका कागदावर बोट ठेवले. मजकुराच्या मधोमध एक ओळ होती : गर्भाशयालगतच्या रक्तवाहिन्या ठळक दिसतात. खाली निष्कर्षात मात्र ‘नॉर्मल’. तो कागद मी किमान दहा वेळा वाचला असेन. विद्यार्थ्यांना निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या अहवालातले फक्त अनुमान वाचले होते.

आजाराची माहिती देण्यात या डॉक्टरांचा हात धरणारे मी तरी पाहिलेले नाही. डाव्या बाजूलाच का, असे विचारल्यावर त्यांनी कागदावर आकृती काढली. उजवी शीर थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते, पण डावी आधी डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. ती मूत्रपिंडाची शीर पुढे महाधमनी आणि आतड्यांकडे जाणारी धमनी यांच्या फटीतून जाते. त्यांनी दोन बोटांच्या बेचक्यात पेन धरून दाखवले की ही फट अरुंद असेल तर रक्त मागे दाटते आणि डाव्या अंडाशयाच्या शिरेत उलटे शिरते. तसे असेल तर आधी त्याचा विचार करावा लागतो, नुसती खालची शीर बंद करणे अंगाशी येऊ शकते. त्याचप्रमाणे डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजवीकडच्या धमनीखाली मणक्यावर दाबली गेली आहे का, हेही पाहावे लागते. या दोन्ही गोष्टी तपासण्यासाठी सीटी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचे सीटी स्कॅन केले आणि दोन्ही बाबतींत दाब आढळला नाही. मी हे येथे मुद्दाम लिहीत आहे. डॉप्लर झाल्याबरोबर कोणी थेट उपचाराची तारीख देत असेल, तर हा प्रश्न जरूर विचारावा.

हा आजार नवा नाही, असेही त्यांनी सांगितले. ओटीपोटात रक्त तुंबण्याचा आणि या दुखण्याचा संबंध हॉवर्ड टेलर या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये सविस्तर मांडला होता. गंमत अशी, की त्यानेही मूळ कारणांत बाईच्या मानसिक ताणाला मोठे स्थान दिले होते. शिरा बंद करून हे दुखणे थांबवल्याची पहिली नोंद १९९३ ची आहे. म्हणजे माझे दहावीचे वर्ष यायच्या कितीतरी आधी उपचार उपलब्ध होता आणि तरी मी सहा वर्षे गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले होते.

पुढच्या बोलण्यात मात्र त्यांनी मला कोठेही घाई केली नाही. पर्याय पाच होते. काहीच न करणे हाही एक होता, कारण रजोनिवृत्तीनंतर अनेकींचा त्रास आपोआप कमी होतो. संप्रेरकांच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण वजन वाढते आणि गोळ्या थांबवल्या की दुखणे परतते. डायोस्मिनच्या गोळ्या सैलावलेल्या शिरांच्या भिंती थोड्या आवळतात. त्या मी आठ आठवडे घेतल्या, तेव्हा संध्याकाळचा जडपणा किंचित हलका झाला, इतकेच. लांब मोज्यांचा पायांना उपयोग झाला, ओटीपोटाला शून्य, आणि कराडच्या उकाड्यात ते घालणे ही वेगळीच शिक्षा होती. पाचवा पर्याय एम्बोलायझेशन, म्हणजे नादुरुस्त शीर आतूनच बंद करणे. प्रसिद्ध झालेल्या अनुभवांत साधारण ७० ते ९० टक्के स्त्रियांना आराम पडल्याचे दिसते, मात्र यातले बरेच अनुभव एकेका रुग्णालयाचे आहेत आणि काटेकोर तुलनात्मक चाचण्या थोड्या आहेत, हे त्यांनी मी न विचारता सांगितले. ज्या डॉक्टरांना उपचार विकायचा आहे, त्यांच्याच तोंडून हे वाक्य आले, म्हणून मी तेथे राहायचे ठरवले.

आता तक्रारी. संमतिपत्र सहा पानांचे आणि पूर्ण इंग्रजीत होते. मला वाचता आले, पण माझ्या शेजारी बसलेल्या, मंचरहून आलेल्या काकूंना ‘इथे, इथे आणि इथे’ असे बोट दाखवून सह्या करायला लावल्या. पुण्यात बसून मराठी संमतिपत्र छापता येत नसेल तर यंत्रे कितीही अद्ययावत असली तरी काय उपयोग? दुसरी तक्रार खर्चाची. अंदाजपत्रक १ लाख ६५ हजारांचे आणि सहा कॉईलचे (शिरेत बसवून ती बंद करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचे) होते. प्रत्यक्षात नऊ लागल्या आणि बिल २ लाख ७ हजारांवर गेले. शिरेच्या फांद्या आत गेल्यावरच नेमक्या कळतात, त्यामुळे संख्या वाढणे मला मान्य आहे. पण ‘प्रत्येक जादा कॉईलला इतके’ ही एक ओळ अंदाजपत्रकात घालायला कोणाचा हात धरला होता? तक्रार अर्ज याच मुद्द्याचा आहे. विमा कंपनीने आधी ‘व्हेरिकोज’ (फुगलेल्या शिरा) हा शब्द पाहून ही सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आहे का, अशी विचारणा केली आणि मग पॉलिसीला दोन वर्षे झाली आहेत का, ते तपासले. अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते, तेव्हा कलम आधीच वाचून घ्यावे. केंद्रातील विमा विभागाच्या मुलीने मात्र डॉक्टरांकडून तासाभरात पत्र लिहून घेतले, तिचे काम चोख.

उपचाराच्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलावले. रक्तातील क्रिएटिनिन आणि गरोदरपणाची चाचणी आधीच झाली होती, कारण रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि क्ष-किरणही वापरतात. भूल फक्त मानेच्या उजव्या बाजूला, दाताला देतात तेवढीच. तेथील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली, तेथून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत आणि मग अंडाशयाच्या शिरेत नेतात. नळी हृदयापाशी आली तेव्हा दोन-तीन ठोके चुकल्यासारखे झाले. ‘‘आता छातीत धडधडेल, घाबरू नका,’’ हे डॉक्टरांनी त्याआधीच सांगितल्यामुळे मी घाबरले नाही. रंगद्रव्य सोडल्यावर पडद्यावर एक नागमोडी काळी रेघ खाली उतरली, गर्भाशयाच्या मागे पसरली आणि हळूहळू मधली रेषा ओलांडून उजवीकडे गेली. रक्त जिकडे जायला नको तिकडे जाताना मी स्वतः पाहिले. सहा वर्षे ज्याला ‘मनाचे दुखणे’ म्हटले गेले, ते तेथे काळ्यावर पांढरे म्हणावे तसे, खरे तर पांढऱ्यावर काळे, समोर होते.

पुढचा भाग मला रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून फार आवडला, हे कबूल करते. शेजारी सिस्टर दोन सिरिंज एका तोटीला जोडून त्यांतील औषध आणि हवा या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये भराभर ढकलत होत्या. वीसेक फेऱ्यांत पातळ द्रवाचा दाट पांढरा फेस झाला. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, म्हणजे साबणाच्या कुळातले द्रव्य. ते शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटून ते खराब करते आणि शीर आक्रसते. फेस गेल्यावर डाव्या कुशीत मुरगळल्यासारखी जोराची कळ आली, ती तीन-चार मिनिटे राहिली. मग कॉईल. आमच्या प्रयोगशाळेत ज्वाला परीक्षेची प्लॅटिनमची तार कुलपात असते, तिचा इंचभर तुकडा हरवला तरी नोंदवहीत लिहावे लागते. येथे डॉक्टर केसाएवढ्या प्लॅटिनमच्या, तंतू लावलेल्या तारा एकामागून एक नळीतून आत सोडत होते आणि पडद्यावर त्यांची स्प्रिंगसारखी वेटोळी होत होती. उजव्या बाजूला दोन, डावीकडे सात. सव्वा तासात सर्व आटोपले. मानेवर टाका नाही, फक्त एक चौकोनी पट्टी.

वॉर्डात मला डोके उंच करून चार तास ठेवले. तेथील मावशींनी न सांगता पडदा ओढला, चहा आणला आणि पाठीमागे दुसरी उशीही दिली. संध्याकाळी डॉक्टरांनी जाण्याची परवानगी दिली, पण विम्याचा अंतिम मंजुरीचा कागद यायला सव्वापाच तास लागले. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ही मुदत तीन तासांची आहे, हे मी काउंटरवर सांगितले तेव्हा ‘‘मॅडम, कंपनीला फोन करा’’ असे उत्तर मिळाले. रात्री अकराला निघून मध्यरात्रीनंतर कराड गाठण्यापेक्षा आम्ही पुण्यात नणंदेकडे मुक्काम केला.

नंतरचे पाच दिवस बारीक ताप आणि ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवसासारखे दुखणे होते. हे होणार असे छापील कागदावर लिहिले होते आणि तो कागद मराठीत होता, याचे आश्चर्य वाटले. पॅरासिटामॉलवर भागले, आठव्या दिवशी मी वर्गात होते. आराम एका रात्रीत पडत नाही. पहिल्या महिन्यात मला फसवले गेल्यासारखे वाटत होते, कारण दुपारचा जडपणा तसाच होता. दुसऱ्या पाळीनंतर तो उशिरा येऊ लागला, तिसऱ्या पाळीनंतर कधी येई, कधी विसरून जाई. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा तक्ता त्यांनी दिला होता. जूनमध्ये मी तेथे सात लिहिले होते, नोव्हेंबरमध्ये दोन. शरीरसंबंधानंतरचा ठणका जवळजवळ गेला. मांडीमागच्या शिरा मात्र आपोआप गेल्या नाहीत. त्यांत नोव्हेंबरमध्ये वेगळा फेस टोचावा लागला, त्याचे ११ हजार रुपये वेगळे. उगम आधी बंद केला असल्याने या वेळी त्या परत येण्याची शक्यता कमी आहे, असे सांगितले. ‘येणारच नाहीत’ असे शब्द कोणी वापरले नाहीत.

निदान आणि प्रत्यक्ष उपचार यांसाठी मी या केंद्राला पाचपैकी पाच देईन, समजावून सांगण्यासाठीही पाच, वेळ पाळण्यासाठी दोन, आणि बिलाच्या पारदर्शकतेसाठी दीड. उभे राहिल्याने वाढणारे, आडवे झाल्यावर कमी होणारे, सहा महिन्यांहून जुने ओटीपोटाचे दुखणे ज्यांना आहे आणि ज्यांच्या बाहेरच्या अंगावर किंवा मांडीमागे शिरा आहेत, त्यांनी अशा केंद्रात एकदा तरी जावे, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), गाठी, संसर्ग ही कारणे तपासून घेतल्यानंतर. फुगलेल्या शिरा असूनही काहीच न दुखणाऱ्या बायकाही असतात, त्यामुळे केवळ अहवालात शिरा दिसल्या म्हणून टेबलावर झोपण्याचे कारण नाही. जाताना जुने सगळे अहवाल न्यावेत, निष्कर्ष ‘नॉर्मल’ असला तरी.

एक गोष्ट निघण्यापूर्वी मागून घ्यावी : शरीरात ठेवलेल्या कॉईलचे कार्ड. त्यावर उत्पादक, आकार, संख्या आणि बॅच क्रमांक असतो आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तेथील तंत्रज्ञ पहिल्यांदा तेच मागतात. मला ते डिस्चार्जच्या फाईलमध्ये मिळाले नव्हते. तिसऱ्या फोननंतर कुरिअरने आले, त्यावर कॉईलची संख्या सात लिहिलेली होती आणि बिलावर नऊ. दुरुस्त कार्डासाठी चौथा फोन करावा लागला. ते आता पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागच्या कप्प्यात आहे.